रेडिओग्राम घरी आणलात? आधी प्लग लावू नका

माझ्या पहिल्या रेडिओग्रामच्या डायलवर ‘कोलंबो’ नाही. ते मी पुसलं. पुण्यातल्या पाडायला काढलेल्या एका वाड्यातून ते धूड घरी आणलं, झाकण उघडलं, काचेवर पन्नास वर्षांची धूळ दिसली आणि हाताशी असलेलं ओलं फडकं फिरवलं. बाहेरच्या बाजूने फिरवलं असतं तर काही बिघडलं नसतं. मी काच काढून आतूनही पुसली. कोलंबो, कराची आणि अर्धं लाहोर फडक्यावर आलं. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी त्या शाईला ओलाव्याचं निमित्तच हवं असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

त्याच संध्याकाळी मी प्लगही लावणार होतो. शेजारचे काका आले, त्यांनी हात धरला. ते एके काळी रेडिओ दुरुस्त करायचे. म्हणाले, “अरे, हा पन्नास वर्षं टिकलाय तो कुणी लावला नाही म्हणून.”

या वस्तूचं जे काही वाटोळं होतं ते बहुतेक वेळा नव्या मालकाच्या पहिल्या तासात होतं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. वीज बऱ्याच उशिरा येते, ते मुद्दाम.

काय शोधायचं

रेडिओग्राम म्हणजे एकाच लाकडी पेटीत रेडिओ, रेकॉर्ड चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलून वाजवणारं यंत्र) आणि स्पीकर. चार पायांवर उभा, वरचं किंवा पुढचं झाकण उघडणारा, दिवाणखान्यात शोकेसच्या शेजारी मानाची जागा असलेला. आपल्याकडे मर्फी, एचएमव्ही, फिलिप्स, बुश यांचे सापडतात. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या बाजूला त्यांचे सेट आणि सुटे भाग त्यातल्या त्यात बरे मिळतात. ग्रुंडिग, टेलिफुंकन असे जर्मन सेटही दिसतात, खासकरून गोव्यातल्या जुन्या घरांत आणि मुंबईत बोटीवर काम केलेल्यांच्या घरी. पेटीवरचं नाव काहीही असो, आतला चेंजर बरेचदा गॅरार्ड, कोलारो किंवा बीएसआरचा निघतो. बऱ्याच विलायती रेडिओ कंपन्याही चेंजर बाहेरूनच घेत.

नवख्या माणसाने पहिला सेट जर्मन घेऊ नये, असं माझं मत आहे. आवाज सुंदर असतो, पण आत बटणांचा जो पियानो असतो त्याच्या प्रत्येक पट्टीखाली डझनभर संपर्क, आणि दोन चेसिसमध्ये, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यांत, धावणारे दोरे. शिवाय त्यावरचा एफएमचा पट्टा जुन्या सेटमध्ये १०० किंवा १०४ मेगाहर्ट्झलाच संपतो. आपल्याकडची त्यापुढची स्टेशनं त्यावर येतच नाहीत. साधा, मोनो, पाच-सहा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) देशी सेट घ्या.

अमेरिकेतून कुणी आणलेला सेट मिळत असेल तर दोनदा विचार करा. तो ११७ व्होल्टचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर ट्रान्सफॉर्मरचा उपायही आहे. पण तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. चेंजरची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्ड एक षष्ठांश हळू वाजते. मोटरवरची पुली बदलल्याशिवाय ते सुधारत नाही आणि ती पुली शोधायला वर्ष जातं.

कुठे शोधायचं

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेव्हा त्या दिवशी जाऊन हात हलवत परत येऊ नका. पुण्यात जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. या दोन्ही ठिकाणी वस्तू बघायला, हात लावायला आणि भाव समजून घ्यायला जा. घ्यायची घाई करू नका. दुकानदाराकडचा सेट बहुतेक वेळा ‘चालू करून’ ठेवलेला असतो, म्हणजे वर चकचकीत टचवुड आणि आत नवा ब्लूटूथ बोर्ड. मला एकदा असाच एक विकला गेला. डायलचा दिवा लागत होता, गाणं येत होतं, व्हॉल्व्ह मात्र नुसते शोभेला बसवले होते. हात लावून पाहिला तर थंडगार. अर्धा तास चालू ठेवूनही व्हॉल्व्ह गरम झाला नाही तर काय समजायचं ते समजा.

खरा माल घरांमधून येतो. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली की लोक तीन पिढ्यांचं सामान दोन महिन्यांत हलवतात. नव्या फ्लॅटमध्ये चार फुटी रेडिओग्रामला जागा नसते. नातेवाइकांत, ओळखीत, पॅकर्सवाल्यांकडे आणि तुमच्या भागातल्या भंगारवाल्याकडे शब्द टाकून ठेवा. भंगारवाल्याला नुसतं “जुना रेडिओ” सांगू नका. फोनमध्ये फोटो दाखवा आणि बजावून सांगा की तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर काढायचा नाही.

बघायला गेल्यावर

बॅटरी, एक टोचा, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टीमीटर बरोबर न्या. मालक प्रेमाने म्हणेल, “लावून दाखवू का?” हात जोडून नाही म्हणा.

पहिल्यांदा खाली वाका. पाय आणि तळाची फळी टोच्याने हलकेच दाबा. टोचा लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर वाळवी आत घर करून गेली आहे. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा म्हणजे घूण. तेवढ्याने सौदा मोडू नका, ते आटोक्यात येतं. वरचा पापुद्रा, म्हणजे प्लायवर चिकटवलेलं सागाचं किंवा अक्रोडाचं व्हिनिअर, कडेला सुटला असेल तरी चालेल. मधोमध फुगून फुटला असेल तर पाणी मुरलंय.

मग मागचा पुठ्ठा काढा. आत झुरळं, पालीची अंडी आणि उंदराचं घरटं असणारच. माझ्या दुसऱ्या सेटमध्ये उंदराने लग्नपत्रिका कुरतडून गादी केली होती आणि त्या गादीखाली पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक निघालं, आत वर्षा-वर्षाची तिकिटं चिकटवलेली. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. असं काही सापडलं तर ते सेटबरोबरच ठेवा. त्यावरून सेट कोणत्या साली घरात आला ते कळतं.

बघायच्या गोष्टी तीन. एक, मोठा ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे का आणि त्यातून डांबर वितळून बाहेर आलंय का. आलं असेल तर तो एकदा जळून गेलाय. दुसरी, स्पीकरकडे जाणाऱ्या तारांवरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मल्टीमीटर ओहमवर ठेवून त्याचं मोठ्या रोधाचं वायंडिंग मोजा. काहीशे ओहम आले तर चांगलं, काहीच आलं नाही तर तार तुटली आहे. तिसरी गोष्ट चेंजर. टर्नटेबल (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी), आर्म (सुई धरणारा हात), मधला दांडा, खालची मोटर, सगळं आहे का? चेंजरचा हरवलेला सुटा भाग मिळवणं हे व्हॉल्व्ह मिळवण्यापेक्षा किती तरी अवघड. व्हॉल्व्ह फुटला तरी डगमगू नका. ईएल ८४, ईसीएच ८१, ईबीएफ ८९ हे सगळे लाखांनी बनले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवले आणि जुन्या दुकानांच्या माळ्यावर त्यांच्या खोक्यातले अजून निघतात.

काच, बटणं आणि डायल पूर्ण असेल, लाकूड धड असेल आणि चेंजर संपूर्ण असेल, तर तो रेडिओ मुका असला तरी घ्या. उलट वाजणारा पण अर्धा चेंजर नसलेला सेट सोडून द्या.

उचलून आणताना

हे धूड तीस-चाळीस किलोचं असतं. चेंजर स्प्रिंगांवर तरंगत असतो. वरून दिसणारे दोन-तीन स्क्रू पिळून तो प्रवासासाठी घट्ट करता येतो. कोणते ते मालकाला विचारा किंवा शोधा, नाहीतर टेम्पोच्या पहिल्या खड्ड्यात तो उडून पेटीवर आपटेल. आर्म सुती नाडीने तिच्या टेकूला बांधा. टर्नटेबल निघत असेल तर काढून वेगळी न्या. उभं आहे तसंच न्या, आडवं झोपवू नका.

पहिला आठवडा: नुसती धूळ

मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. व्हॅक्यूमची नळी दूर धरायची आणि ब्रशने धूळ तिच्याकडे ढकलायची. व्हॉल्व्ह एकेक करून काढा, पण काढण्याआधी कोणता कुठे होता त्याचा फोटो काढा. व्हॉल्व्हच्या काचेवरचा नंबरही अलगद निघून जातो, तेव्हा तिथे फडकं नको. डायलच्या काचेबद्दल वर सांगितलंच आहे. ट्यूनिंग कंडेन्सरच्या, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या भागाच्या, पत्र्यांना बोट लावू नका. वाकलेला एक पत्रा दुसऱ्याला टेकला की त्या भागात स्टेशन गायब.

आणि एक: चेसिसवर ज्या पत्र्याच्या डब्या दिसतात त्यांच्या डोक्यावर किंवा बाजूला स्क्रूसारख्या खाचा असतात. त्या आयएफच्या, म्हणजे पकडलेलं स्टेशन आतल्या एका ठरावीक लहरीवर गाळून घेणाऱ्या भागाच्या. कारखान्यात यंत्र लावून ४५५ किंवा ४७० किलोहर्ट्झच्या आसपास जुळवलेल्या. “सैल वाटला म्हणून घट्ट केला” असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे सेट मग महिनाभर शिट्ट्या मारत बसतात.

विजेबद्दल

इथे मी जरा कडक बोलणार आहे. व्हॉल्व्ह सेटमध्ये अडीचशे ते तीनशे व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तो साठून राहू शकतो. प्रत्येक वेळी आत हात घालण्याआधी प्लग उपसा, मल्टीमीटरने मोजा, आणि व्होल्टेज दिसलं तर दहा किलोओहम पाच वॉटचा रोध, दोन्ही टोकांना वेष्टण असलेल्या तारा लावून, कंडेन्सरवर काही सेकंद धरून ते उतरवा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडायची जुन्या मेकॅनिकांची सवय उचलू नका. चालू सेटवर मोजायचं असेल तर पायात चप्पल, खाली कोरडी लाकडी फळी आणि डावा हात खिशात.

व्हॉल्व्हच्या नंबराचं पहिलं अक्षर वाचा. ‘ई’ने सुरू होणारे असतील आणि मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर चेसिस विजेपासून वेगळं आहे. ‘यू’ने सुरू होणारे असतील, जसं यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५, आणि ट्रान्सफॉर्मर नसेल, तर तो एसी-डीसी सेट. त्याच्या चेसिसला थेट घरातली वीज जोडलेली असते; प्लग उलटा लागला तर सगळा पत्रा फेज. टेबल रेडिओत हा प्रकार सर्रास होता. रेडिओग्राममध्ये क्वचित, कारण चेंजरची मोटर एसीवरच चालते. पण छोट्या, स्वस्त रेकॉर्ड प्लेअरमध्ये हीच भानगड निघू शकते. असा सेट निघाला तर शिकण्यासाठी तो नको. तो जाणत्या मेकॅनिककडे द्या.

आता सिरीज बल्ब. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: एका होल्डरमध्ये बल्ब, फेजच्या तारेत मधे जोडलेला, पुढे सॉकेट. बल्ब फिलामेंटचाच हवा, पिवळा, साठ वॉटचा. एलईडीचा इथे उपयोग नाही. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. अख्ख्या कामातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं हत्यार. घरी बनवता येत नसेल तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या.

लावण्याआधी काय बदलायचं

वायर आधी. सुती वेष्टणाची, आत रबर असलेली जुनी वायर वाकवली की रबराचा चुरा पडतो. ती जाऊ द्या. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला तीन तारांची वायर लावून अर्थ चेसिसला जोडा आणि फेजमध्ये फ्यूज घाला. मागे व्होल्टेज निवडायची चकती असेल तर ती २४० किंवा २५० वर ठेवा. ११० वर राहून गेलेली चकती हे ट्रान्सफॉर्मर जळण्याचं आवडतं कारण आहे.

मग कंडेन्सर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे भडकमकर मार्ग, आणि पुण्यात तपकीर गल्ली, इथे लागणारं सगळं मिळतं. दुकानदार “कितीचा?” विचारेल, तेव्हा मूल्य आणि व्होल्ट दोन्ही लिहून न्या.

मेणाच्या किंवा डांबराच्या वेष्टणातले कागदी कंडेन्सर सरसकट बदला. त्यांना ओलावा लागलेलाच असतो. ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०१, ०.०५ च्या जागी ०.०४७, सगळे ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर. त्यांतला एक सगळ्यात आधी: आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे आवाजाचा सिग्नल घेणाऱ्या आतल्या जाळीला, जाणारा. ईएल ८४ असेल तर खालून दोन नंबरची पिन. हा गळका असेल तर ग्रिडवर धन व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत करंट ओढतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी हजारोंचा ट्रान्सफॉर्मर.

पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, पत्र्याच्या डब्यातले, तेही बदला. ३२ मायक्रोफॅरडच्या जागी ३३, ५० च्या जागी ४७, व्होल्ट ४५०. “मोठा टाकला तर हम (विजेची घरघर) कमी होईल” म्हणून १०० टाकू नका. ईझेड ८० किंवा ईझेड ८१ या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या थेट पुढे ५० पेक्षा जास्त चालत नाही. तेवढा भरताना त्याचं आयुष्य संपतं. जुना डबा दिसायला बरा म्हणून जागेवर ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या तारा सोडवा आणि नवे कंडेन्सर खाली बसवा. नवे भाग जुन्याला समांतर जोडून मोकळं होणारे मेकॅनिक आहेत. तसं करू देऊ नका.

एका वेळी एकच कंडेन्सर काढायचा, एकच लावायचा आणि फोटो काढायचा. इलेक्ट्रोलिटिकची अधिक-उणे बाजू दोनदा बघायची. रंगीत पट्ट्यांचे रोध मोजा. वीस टक्क्यांहून जास्त वाढलेला असेल तरच बदला. मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर चांगले असतात, त्यांना हात नको. सेलेनियमचा रेक्टिफायर असेल, म्हणजे एकामागे एक चौकोनी पत्रे लावलेला, तर तो काढून १एन४००७ डायोड आणि पुढे योग्य रोध लावून घ्या. सेलेनियम जळलं की नासक्या लसणीसारखा विषारी वास येतो आणि खोली सोडावी लागते.

आता प्लग

रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवा. सेट सिरीज बल्बवर लावा. डायलचे दिवे मिणमिणले, बाकीच्या व्हॉल्व्हमध्ये तांबूस तार दिसली आणि बल्ब मंद राहिला, तर मेन ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे. दहा मिनिटं तसंच ठेवून ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा; आधी प्लग काढून, अर्थातच. कोमट ठीक. चटका बसला तर थांबा.

मग रेक्टिफायर बसवा आणि पुन्हा लावा. अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून हलकी घरघर आली की मला अजूनही बरं वाटतं. बल्ब थोडा उजळेल, ते साहजिक. तीन-चार दिवस रोज थोडा वेळ असंच चालवा, मग साठचा बल्ब काढून शंभरचा, आणि शेवटी थेट वीज. थेट विजेवर ईएल ८४ च्या तीन नंबरच्या पिनवर सात व्होल्टच्या आसपास मिळालं तर तो आपलं काम नीट करतोय. बारा-पंधरा दिसले तर लगेच बंद करून त्या ग्रिडच्या कंडेन्सरकडे परत जा.

आवाज खरखरतो, बँड बदलताना तडतड होते, त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि खटका वीस-तीसदा फिरवणं. डायलचा दोरा तुटला असेल तर चप्पल शिवायचा नायलॉन चालतो असं लोक म्हणतात. तो घसरतो. वेणीची, न ताणणारी बारीक दोरी शोधा. दोरा कसा गुंडाळला होता त्याचा फोटो नसेल तर एक रविवार त्यातच जाईल.

डायलवर मीटर लिहिलेले असतात, किलोहर्ट्झ नाही. तीन लाखाला किलोहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७९ मीटर. मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८, म्हणजे ५३८ मीटर, पट्ट्याच्या अगदी टोकाला. तुमच्या भागात मध्यम लहरींवर काय येतं ते आधी साध्या ट्रान्झिस्टरवर ऐकून ठेवा, नाहीतर सेट ठीक असून तुम्ही आयएफचे स्क्रू फिरवायला घ्याल. एरियल म्हणून दहा-पंधरा मीटर वायर गॅलरीत टाका. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून बघा. निम्मी खरखर त्यांची असते.

चेंजर

रेकॉर्ड फिरत नाही, आर्म उठत नाही, उठली तर परत येत नाही: या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच, खरवडावं लागेल असं घट्ट झालेलं ग्रीज. मोटर गेलेली नसते. टर्नटेबल काढा (मधली छोटी क्लिप उडून सोफ्याखाली जाते, वर हात धरा), खालचे गियर आणि लिव्हर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, मोटरच्या दोन्ही बेअरिंगना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. गियरवर नवं पांढरं ग्रीज, तेही माफक. रेकॉर्ड संपल्यावर आर्मला परतायला सांगणारी जी हलकी लिव्हर असते ती मात्र पूर्ण कोरडी ठेवा. तिथे तेल गेलं की आर्म शेवटच्या रेघेत अडकून बसते आणि कुटुंब झोपेतून उठतं.

मोटर आणि टर्नटेबलच्या मधे रबराचं चाक असतं, आयडलर. ते कडक, चकचकीत झालेलं असतं. स्पिरिटने पुसा, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. त्यावर एका जागी खळगा पडला असेल तर प्रत्येक फेरीला ‘धुप्’ आवाज येतो. मग रबर नवं चढवून घ्यावं लागतं.

वेग तपासायला यंत्र लागत नाही. टर्नटेबलच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि मोजा: ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या.

पिकअपमधला, म्हणजे आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला कार्ट्रिज क्रिस्टलचा असतो. तो रोशेल सॉल्ट नावाच्या मिठाचा, आणि मीठ आपल्या हवेत काय करतं ते कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात बघा. मुंबई, गोवा, रत्नागिरीकडच्या सेटमध्ये तो मेलेलाच धरून चाला आणि त्या मापाचा सिरॅमिक कार्ट्रिज मागवा. स्टिरिओ मिळाला तर आणखी चांगलं, त्याचे डावा-उजवा जोडून घ्या. जुना मोनो क्रिस्टल सुईला वरखाली हलू देत नाही, त्यामुळे त्यावर स्टिरिओ एलपी लावली तर खाचा खरवडल्या जातात.

सुईची बाजू बघायची सवय लावा. कार्ट्रिजवर ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या) आणि एलपी अशा दोन सुया, खटक्याने उलटायच्या. ७८ ची सुई जाड, साधारण पंच्याहत्तर मायक्रॉन. एलपीची पंचवीसच्या आसपास. जाड सुई एलपीवर लावली तर ती खाच कायमची बिघडते. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळत, कचरा गोळा करत जाते.

आणि ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. स्पिरिटने पुसल्या तर पृष्ठभागच विरघळतो. एका परिचितांनी सॅनिटायझर लावून आजोबांच्या नाट्यगीतांची एक बाजू अशी घालवली. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं आणि लगेच टिपून घ्या.

लाकूड

सगळ्यात शेवटी, कारण दुरुस्तीत ओरखडे पडतातच. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर मूळ पॉलिश लाखेचं. मग घासून काढायचं काहीच कारण नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे तीन-चार पातळ हात, मऊ कापडाच्या पुरचुंडीने, जुन्यावरच बसतात. पावसाळ्यात हे करू नका, पांढरे डाग उमटतात. सुतार हमखास म्हणेल, “साहेब, सगळं घासून नवं मेलामाइन मारून देतो.” व्हिनिअर कागदाएवढं पातळ असतं आणि त्याचं मशीन ते क्षणात पार करतं. सुटलेल्या कडेखाली फेविकॉल भरा, वर मेणकागद, त्यावर वजन, एक रात्र. घुणाच्या भोकांत औषध सिरिंजने सोडा आणि महिनाभर भुसा पुन्हा पडतो का बघा. स्पीकरचं कापड फाटलं नसेल तर धुऊ नका, आटतं.

घरात नांदवताना

पाठ भिंतीपासून चार बोटं दूर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालवायचा. व्हॉल्व्हची ऊब हीच त्याची ओलाव्यावरची दवा. वाजवून झालं की चेंजरचा खटका ‘बंद’वर न्यायचा, नुसता भिंतीवरचा स्विच नाही. खटका बंद केला तरच आयडलर सुटा होतो, नाहीतर त्याला खळगा पडतो.

आणि टर्नटेबलशेजारच्या कप्प्यात एलपी ठेवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. खालून व्हॉल्व्ह तापतात. माझी एक तिथेच राहिली होती उन्हाळाभर. अजून लावतो मी ती, पण सुई तिच्यावर भरतीतल्या होडीसारखी वरखाली होते आणि पोरं गाणं ऐकायचं सोडून तेच बघत बसतात.